मनगटावरचें पहिलें उंची घड्याळ

पनवेल तालुक्यांत, खारघरचा डोंगर आणि पनवेलची खाडी यांच्या मधोमध बेलपाडा नांवाचें एक जुनें गांव आहे. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, नवी मुंबई वसूं लागली, आणि या भागांतील भातशेती हळूहळू रस्त्यांखालीं व इमारतींखालीं गेली. १७ नोव्हेंबर २०२३ रोजीं बेलापूर ते पेणधर अशी मेट्रो सुरू झाली, तेव्हां तिच्या ११ स्थानकांपैकीं एकावर बेलपाड्याचें नांव लागलें. ज्या गांवच्या आज्याला कोंबड्याच्या आरवण्यापलीकडे वेळेची गरज नव्हती, त्या गांवचा नातू आतां मिनिटें मोजून घराबाहेर पडतो.

अशाच एका नातवानें आजच्या भाषणाचा विषय मला दिला. हा आमच्या शेजारचा तरुण तळोजाच्या एका कारखान्यांत दोन वर्षांपूर्वीं नोकरीस लागला. गेल्या महिन्यांत संध्याकाळीं येऊन तो म्हणाला, “काका, तुम्ही इतिहासांतलीं माणसें. मला पहिलें चांगलें घड्याळ घ्यायचें आहे. चाळीस हजार साठले आहेत. पण दुकानदार म्हणतो, दीड लाखाचें घ्या, बाकीचे हप्त्यानें द्या. काय करूं?”

प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या घरची स्थिति मला ठाऊक होती. वडील जन्मभर पाळीवर राबले. घरावरचें कर्ज अजून फिटावयाचें आहे. पोराला हौस नसावी असें कोण म्हणेल? परंतु हौस आणि कर्ज हीं एकाच दारानें घरांत शिरलीं म्हणजे त्यांतलें बाहेर कोण आधीं जातें, हें आपण सर्व जाणतों. म्हणून मीं त्याला आठ दिवस थांबावयास सांगितलें, आणि त्या आठ दिवसांत जें आठवलें व पडताळून पाहिलें, तें आज तुमच्यापुढें ठेवीत आहें.

आपल्याकडे वेळ मोजण्याची कला कांहीं साहेबानें आणली नाहीं. बुडाशीं बारीक भोंक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावी. ती भरून बुडाली कीं एक घटका झाली. चोवीस मिनिटांची ती घटका. अशा साठ घटकांचा अहोरात्र. लग्नाचा मुहूर्त या घटिकापात्रावरच साधीत असत. खाडीकांठच्या लोकांचा हिशोब तर याहूनही सोपा होता. तिथीची पाऊणपट करावी, कीं भरतीची वेळ हातीं येते. अष्टमीला सहाच्या सुमारास, दशमीला साडेसातच्या सुमारास पाणी चढणार, हें मिठागरावरचा अडाणी मजूरही बोटांवर सांगे. या वेळेचा मालक चंद्र होता. ती कोणाला विकत घ्यावी लागत नसे, आणि ती चुकली म्हणून कोणी दंडही करीत नसे.

दंड करणारी वेळ आली ती रेल्वे आणि गिरणी यांच्याबरोबर. १८७८ सालीं मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा पुरा झाला. शेठ प्रेमचंद रायचंद यांनीं आपल्या मातोश्रींच्या नांवानें त्यासाठीं दोन लक्ष रुपये दिले होते. या २८० फूट उंचीच्या मनोऱ्यावरील घड्याळ दूरवरून दिसे, परंतु त्यानें वेळ कोणती दाखवावी याबद्दल भांडण झालें. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या पुढें चार तास एकावन्न मिनिटें. रेल्वे चाले मद्रासच्या वेळेनें, ती मुंबईच्या पुढें अर्धा तास. १८८१ सालीं गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनीं सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लावून दिली. लोकांनीं इतकी कुरकुर केली कीं १८८३ सालीं ती मागें घ्यावी लागली. पुढें १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या हिंदुस्थानासाठीं साडेपांच तासांची प्रमाण वेळ आली. ती मुंबईच्या वेळेहून एकोणचाळीस मिनिटें पुढें. त्या महिन्यांत कांहीं गिरणी-मजुरांनीं नव्या वेळेनें कामावर येण्याचें साफ नाकारलें. शहरांत ‘मुंबई टाइम’ चालू राहिला तो थेट १९५५ सालापर्यंत.

एवढ्याशा एकोणचाळीस मिनिटांसाठीं एवढें रण कां, असें तुम्हांस वाटेल. पण ज्याच्या मनगटावर किंवा खिशांत घड्याळ नाहीं, त्याला मालकाच्या घड्याळावर विश्वास ठेवावाच लागतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या गिरणी-कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या केल्या, त्यांतल्या कांहीं आठवून पाहा: रविवारची सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा, सकाळीं साडेसहाला काम सुरू होऊन सूर्यास्ताला बंद, आणि पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत पगार. या चारही मागण्या वेळेच्या आहेत! रविवारची सुटी १८९० सालच्या जून महिन्यांत मिळाली. परंतु साडेसहा वाजले हें ठरविणार कोण, हा प्रश्न शिल्लक राहिला. गिरणीचा भोंगा मालकाच्या हातीं होता. म्हणून मजुराच्या घरांत आलेलें पहिलें स्वस्त घड्याळ हा नुसता शौक नव्हे. तो त्याच्या बाजूचा साक्षीदार होता.

गरिबासाठींच घड्याळ करावें, ही बुद्धि स्वित्झर्लंडांतही एका माणसास सुचली होती. जॉर्ज फ्रेडेरिक रॉस्कोफ त्याचें नांव. चांगलें घड्याळ वीस फ्रँकांत मजुराच्या हातीं द्यावयाचें, असा त्यानें पण केला. यंत्रांतील भाग कमी केले, माणकांच्या ठिकाणीं पोलादी खिळे बसविले, आणि १८६७ सालच्या पॅरिस प्रदर्शनांत आपलें काम मांडून पदक मिळविलें. त्याच्या घड्याळाला ‘प्रोलेटेर’ म्हणजे श्रमिक असें नांव पडलें. त्याच्या युक्तीवर चालणारीं घड्याळें पुढें शंभर वर्षें जगभर खपलीं. त्यांचा टिकटिकाट मोठा, आयुष्य बेताचें. तरी ज्यांना दुसरें परवडत नव्हतें, त्यांना त्यांनीं वेळ दिली.

याच सुमारास स्विस व्यापारी मुंबईंत येऊं लागले. १७३७ सालापासून चालत आलेल्या फेवर-ल्युबा घराण्यानें १८६० नंतरच्या दशकांत मुंबईशीं व्यवहार सुरू केला. ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’ ही तर १८८६ सालीं मुंबईंतच जन्मास आली. या कंपनीच्या एका प्रसिद्ध घड्याळाचें नांव ‘सोवार’. हा आपलाच ‘स्वार’ शब्द, घोडेस्वारांतला! घड्याळ तेव्हां खिशांतलें असे. मनगटावर बांधावयाचें तें बायकांचें भूषण, अशी पुरुषांची समजूत होती. ती मोडली पहिल्या महायुद्धानें. खंदकांत एका हातीं बंदूक असतां खिशांत हात घालून झांकण उघडण्यास सवड कोणाला? मेसोपोटेमियाच्या मोहिमेंत आपल्या मराठा पलटणी होत्या. त्या मोहिमेंतल्या हिंदी फौजेंत वेस्ट एंडचीं घड्याळें पुष्कळ चालत. युद्ध संपलें, शिपाई घरीं आले, आणि मनगटी घड्याळ हें मर्दाचें लेणें ठरलें.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलें. परकीय चलनाची चणचण भासूं लागली, १९५७ नंतर परदेशी चैनीच्या मालावर कडक निर्बंध आले, आणि स्विस घड्याळ दुर्मिळ झालें. जें दुर्मिळ झालें त्याचा मोह वाढला. साठ-सत्तरच्या दशकांत कोंकणच्या किनाऱ्यावर रात्रीं उतरणाऱ्या चोरट्या मालांत सोन्याच्या जोडीला घड्याळें असत, हें जुन्या लोकांच्या तोंडून आपण ऐकलें आहे. सरकारनें दुसरा मार्ग काढला. हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्यानें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें १९६१ सालीं बंगळूर येथें घड्याळें करण्यास प्रारंभ केला. ‘जनता’, ‘पायलट’, ‘कोहिनूर’, ‘कांचन’ हीं नांवें ऐकतांच अनेक श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें एकेक मनगट उभें राहील. मॅट्रिकला पास झाला कीं एचएमटी, नोकरी लागली कीं एचएमटी, आणि जांवयाला रुसवा फुगवा नको म्हणून एचएमटी! या शेवटच्या प्रकारांत किती मुलींच्या बापांच्या जमिनी गहाण पडल्या, तोही घड्याळाच्या इतिहासाचाच एक भाग आहे; तो आपण विसरूं नये.

मग १९६९ सालच्या नाताळच्या दिवशीं जपानच्या सेको कंपनीनें क्वार्ट्झचें पहिलें मनगटी घड्याळ बाजारांत आणलें. स्फटिकाला विजेचा स्पर्श झाला कीं तो ठराविक गतीनें थरथरतो. आजच्या घड्याळांत ही थरथर एका सेकंदाला ३२,७६८ वेळां होते. किल्लीच्या घड्याळाचें चाक एका सेकंदांत पांच ते आठ ठोके देतें. या दोन आंकड्यांतच निकाल लागला. पांच-सातशे रुपयांचें क्वार्ट्झ लाख रुपयांच्या स्विस यंत्राहून अचूक चालूं लागलें. आपल्याकडे टाटा आणि तमिळनाडूचें औद्योगिक महामंडळ यांनीं १९८४ सालीं टायटन काढली. होसूरच्या तिच्या कारखान्यानें क्वार्ट्झचाच पुरस्कार केला, आणि एचएमटीचा बाजार ओसरत गेला. २०१६ सालीं केंद्र सरकारनें एचएमटीची घड्याळ-शाखा बंद करण्याचा निर्णय घेतला.

आतां माझ्या तरुण मित्राच्या प्रश्नाकडे वळतों. अचूक वेळ त्याच्या खिशांतल्या फोनवर फुकट आहे. तेव्हां तो चाळीस हजार रुपये वेळेसाठीं देणार नाहीं. तो देणार आहे एका कारागिरीसाठीं, आणि थोडे आपल्याला कोणी तरी पाहावें म्हणून. दोन्हींत लाज वाटण्याजोगें कांहीं नाहीं. परंतु कशासाठीं किती देतों आहों, हें ज्याचें त्यानें ओळखावें. दीड लाखांतील मोठा वांटा हा तबकडीवरच्या नांवाचा असतो. यंत्र चौपट चांगलें नसतें. शिवाय उंची घड्याळ हा पैसा गुंतविण्याचा मार्ग आहे, असें जो सांगेल त्याच्यापासून दूर राहावें. कांहीं थोड्या नांवांचीं घड्याळें सोडलीं तर बाकीचीं दुकानाच्या पायरीवरून उतरतांच उतरतात.

पहिली गोष्ट म्हणून मीं त्याला हें सांगितलें, कीं हप्त्यानें घेऊं नये. आणि साठलेले सगळेही देऊं नयेत. घड्याळ घेणें म्हणजे एक दुभतें जनावर घेण्यासारखें आहे. दाणागोटा पुढें असतोच. किल्लीचें किंवा आपोआप किल्ली बसणारें घड्याळ चार-पांच वर्षांनीं उघडून, धुवून, तेल देऊन घ्यावें लागतें. मोठ्या नांवांच्या घड्याळांची ही सेवाच इतकी महाग असते कीं तेवढ्यांत एक साधें नवें घड्याळ यावें. म्हणून ज्याचें यंत्र सर्वत्र वापरांत आहे आणि गांवचा घड्याळजीही उघडूं शकतो, असें घ्यावें. जपानी सेको आणि सिटिझन यांचीं आपोआप चालणारीं यंत्रें या बाबतींत नांवाजलेलीं आहेत. स्विस मालांतही टिसोसारखीं घराणीं मध्यम किमतींत पोलादी, निकोप घड्याळें देतात.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. बेलपाड्याला जूनपासून सप्टेंबरपर्यंत डोंगरावरून जो पाऊस कोसळतो, त्याची स्विस कारागिराला कल्पना नसते. तबकडीवर ‘तीस मीटर’ लिहिलें म्हणजे तीस मीटर पाण्यांत बुडी मारावी असा अर्थ नव्हे. हात धुतांना उडालेले थेंब सोसेल एवढाच तो भरंवसा. पावसांतून रोज ये-जा करणाऱ्यानें शंभर मीटरचें घ्यावें. चामड्याचा पट्टा कोंकणच्या घामांत व ओलींत एका पावसाळ्यांत कुजतो. पोलादी किंवा रबरी पट्टा बरा.

तिसरी गोष्ट ‘स्विस’ या शब्दाची. २०१७ सालापासून तेथील कायदा असा आहे कीं निर्मितीखर्चाचा निदान साठ टक्के भाग स्वित्झर्लंडांत झालेला असल्यावांचून तो शब्द तबकडीवर घालतां येत नाहीं. साठ म्हणजे शंभर नव्हे, हें लक्षांत ठेवावें. १० मार्च २०२४ रोजीं स्वित्झर्लंडसह चार देशांशीं भारताचा व्यापार-करार झाला, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तो अमलांत आला. त्यामुळें स्विस घड्याळांवरील जकात टप्प्याटप्प्यानें उतरावयाची आहे. ज्याला घाई नाहीं त्यानें थांबण्यांत तोटा नाहीं.

चौथी गोष्ट जुन्या घड्याळांची, आणि ती सांगतांना मला स्वतःची फजिती सांगितलीच पाहिजे. बरीच वर्षें झालीं. मुंबईच्या एका गल्लींत मला एक जुनें स्विस घड्याळ दिसलें. पिंवळीधमक तबकडी, लाल कांटा, नांव मोठें, किंमत माझ्या आवांक्यांतली. इतिहासाचा अभिमान उफाळून आला आणि मीं दर न घासतां तें घेतलें. तीन महिन्यांत तें रोज वीस मिनिटें मागें पडूं लागलें. एका वृद्ध घड्याळजीकडे नेलें. त्यांनीं डोळ्याला भिंग लावून मागचें झांकण उघडलें, बराच वेळ कांहीं बोलले नाहींत, आणि मग म्हणाले, “साहेब, यंत्र एकाचें, पेटी दुसऱ्याची, आणि तबकडी तर परवा रंगविलेली. त्या कंपनीनें अशी पिंवळी तबकडी जन्मांत केली नाहीं.” मीं त्यांना मजुरीचें विचारलें. “पाहण्याचे पैसे घेत नाहीं,” असें म्हणून त्यांनीं झांकण लावून दिलें. पुढें मला कळलें कीं परदेशांतील शौकिनांत अशा पुनः रंगविलेल्या घड्याळांना आपल्या शहराच्या नांवावरून ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. ज्या शहरानें आपल्या वेळेसाठीं पन्नास वर्षें भांडण केलें, त्याच्या नांवाची ही कीर्ति ऐकून मला माझ्या पैशांपेक्षां जास्त वाईट वाटलें.

जुनें घड्याळ घेऊंच नये, असें मी म्हणत नाहीं. फेवर-ल्युबा, वेस्ट एंड किंवा एचएमटी यांचीं अस्सल घड्याळें आजही मिळतात, आणि थोड्या पैशांत खरी कारागिरी हवी असेल तर याहून चांगला मार्ग नाहीं. परंतु मागचें झांकण उघडून दाखविण्यास जो नाखूष असेल, त्याच्याकडून घेऊं नये. साठ वर्षांच्या तबकडीवर एखादा डाग, थोडा पिंवळेपणा असावयाचाच. नवऱ्या मुलीसारखी नटलेली तबकडी दिसली कीं सावध व्हावें. रंगविलेल्या अक्षरांच्या कडा जाड व वेड्यावांकड्या असतात. भिंगाखालीं तें लगेच दिसतें. आणि घेण्यापूर्वीं त्या नमुन्याच्या जुन्या जाहिराती पाहून तशी तबकडी, तसे कांटे कंपनीनें केले होते कीं नाहीं, हें ताडून घ्यावें. इतिहासाचा अभ्यास म्हणतात तो हाच. माझ्या फजितीच्या दिवशीं मीं तेवढाच केला नव्हता.

आठ दिवसांनीं तो मुलगा आला. मीं हें सगळें त्याला सांगितलें. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, “काका, हप्त्याचें मनांतून काढलें. पण घेणार मात्र नवेंच.” मला तें आवडलें. सल्ला विचारणाऱ्यानें अर्धाच घ्यावा; उरलेला अर्धा त्याच्या स्वतःच्या डोक्यांतून यावा.

पुढच्या रविवारीं तो घड्याळ घेऊन आला. सत्तावीस हजारांचें, पोलादी, आपोआप चालणारें, शंभर मीटर पाणी सोसणारें. तबकडी काळी, तीवर तारखेवांचून दुसरी कसलीही मिरवणूक नाहीं. उरलेले तेरा हजार त्यानें बँकेंत तसेच ठेवले. त्यांतून पांच वर्षांनीं त्या घड्याळाची सेवा होईल. मीं विचारलें, “वडील काय म्हणाले?” तो हंसूं लागला. वडिलांनीं तें हातांत घेतलें, काचेच्या झांकणांतून मागचें फिरतें चाक बराच वेळ पाहिलें, मग आपल्या मनगटावरच्या जुन्या ‘जनता’शीं ताडून म्हणाले, “वेळ तर तीच दाखवतंय.” आणि त्या दिवशीं संध्याकाळीं बाजारांत जातांना आपलें घरीं ठेवून मुलाचेंच घालून गेले.

श्रोतेहो, पाळीच्या भोंग्यावर ज्यानें तीस वर्षें काढलीं, त्या माणसाच्या मनगटावर त्या संध्याकाळीं मुलाच्या कष्टाचें, आणि कोणाचेंही देणें नसलेलें घड्याळ होतें. लोखंड्यांच्या सभेंत पगाराची तारीख मागणाऱ्या त्या मजुरांना हें दृश्य पाहावयास मिळालें असतें तर त्यांना समाधान वाटलें असतें, असें मला वाटतें.

समोरच्या भिंतीवरील घड्याळ माझी वेळ भरल्याचें सांगत आहे, आणि या खोलींत तरी त्याचें ऐकावेंच लागतें.